पाच घरे, सहा प्रश्न

वर्डल हा खेळ दिसायला इतका साधा आहे की त्यावर वेगळी पुस्तिका कशाला, असे कुणालाही वाटेल. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा. त्यासाठी सहा संधी. प्रत्येक वेळी शब्दकोशातला खरा शब्दच टाकायचा, वाटेल ती अक्षरे जुळवून चालत नाही. शब्द टाकला की त्याची पाचही घरे रंगतात. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर घर हिरवे, अक्षर आहे पण जागा चुकली असेल तर पिवळे, अक्षरच नसेल तर राखाडी. दिवसाला एकच शब्द, आणि साऱ्या जगाला तोच. नियम संपले. पण या नियमांच्या पोटात तर्कशास्त्राचा एक अख्खा पाठ दडलेला आहे आणि तो रोज पाच-दहा मिनिटांत, चहा घेता घेता गिरवता येतो. मला हा खेळ मनापासून आवडतो तो त्यासाठी.

रोज खेळणारी बहुतेक माणसे पहिल्या शब्दापासूनच उत्तराच्या मागे लागतात. "आज हा असेल का?" असे म्हणत एक शब्द टाकतात, तो चुकला की दुसरा. कधी नशीब साथ देते आणि तिसऱ्या ओळीत पाचही घरे हिरवी होतात. ज्या दिवशी ते साथ देत नाही त्या दिवशी सहा ओळी कशा संपल्या तेही कळत नाही. या पुस्तिकेला मांडायची आहे ती याच्या उलट बाजू. वर्डलमधला अंदाज म्हणजे प्रश्न. शब्द टाकताना विचारायचे ते "हाच असेल का?" हे नव्हे, तर "हा टाकल्यावर मला काय कळेल?" हे. डॉक्टर औषध लिहून देण्याआधी नाडी बघतो, ताप मोजतो, रक्त तपासायला पाठवतो. तपासणीने आजार बरा होत नाही म्हणून ती वाया गेली असे कुणी म्हणत नाही. पहिल्या दोन ओळींचे काम त्या तपासणीसारखे असते.

पुढे जाण्यापूर्वी लिहिण्याची एक सोय सांगते. खेळ इंग्रजी अक्षरांचा असला तरी हा मजकूर देवनागरीत आहे. म्हणून शब्दाचे स्पेलिंग द्यायचे असेल तिथे अक्षरांची नावे शाळेत घोकली तशीच दिली आहेत, म्हणजे सी-आर-ए-एन-ई, क्रेन. वाचताना समोर कागद-पेन्सिल असेल तर उत्तम.

खेळ नवा असला तरी त्याचे कूळ जुने आहे. 'बुल्स अँड काउज' हा चार आकडे ओळखण्याचा खेळ वहीच्या मागच्या पानावर खेळलेली पिढी आपल्याकडेही आहे. एकाने मनात चार आकडे धरायचे, दुसऱ्याने अंदाज सांगायचा, आणि पहिल्याने किती आकडे जागेवर आणि किती जागा चुकून आले एवढेच सांगायचे. 1955 मध्ये अमेरिकेत 'जॉटो' आला. त्यात पाच अक्षरी शब्द ओळखायचा असे, पण किती अक्षरे जुळली एवढाच आकडा मिळे, कोणती ते नाही. टीव्हीवरच्या 'लिंगो'ने 1987 पासून अक्षरांना रंग दिले. आणि त्याआधी, 1970 च्या सुमारास, मॉर्डेकाय मेअरोविट्झ या इस्रायली गृहस्थांनी 'मास्टरमाइंड' तयार केला. चार भोके, सहा रंगांच्या खुंट्या, म्हणजे एकूण 1296 मांडण्या. डोनाल्ड नुथ या संगणकशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकातच दाखवून दिले की त्यातली कोणतीही मांडणी जास्तीत जास्त पाच खेळ्यांत हमखास ओळखता येते. त्याची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक वेळी तो अशी खेळी निवडायचा की नशिबाने सर्वांत वाईट उत्तर मिळाले तरी कमीत कमी शक्यता उरतील. पहिली खेळी एका रंगाच्या दोन आणि दुसऱ्या रंगाच्या दोन खुंट्यांची. ती खेळली की कितीही वाईट झाले तरी 1296 पैकी 256 च शिल्लक राहतात. वर्डल कसा खेळावा याचे बीज तिथे आहे.

वर्डलचा कर्ता जॉश वॉर्डल हा मूळचा वेल्सचा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याने 2013 मध्ये खेळाचा कच्चा नमुना केला होता आणि बाजूला ठेवला होता. करोनाच्या काळात तो आणि त्याची जोडीदार पलक शहा वर्तमानपत्रांतली शब्दकोडी सोडवू लागले, तेव्हा तिच्यासाठी म्हणून त्याने तो पुन्हा हातात घेतला. अडचण शब्दांची होती. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द तेरा हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतले बहुतेक कुणी जन्मात ऐकलेले नसतात. पलक शहांनी ती सगळी यादी चाळली आणि आपल्याला माहीत असलेले शब्द वेगळे काढले. अडीच हजारांच्या आसपास उरले. खेळ खुला झाला तेव्हा उत्तरांच्या यादीत 2315 शब्द होते. अंदाज म्हणून मात्र उरलेले दहा हजारही चालत. वर्डलचे श्रेय मोजताना ही निवड फार थोड्यांच्या लक्षात येते, पण माझ्या मते खेळाचा प्राण तीच आहे. उत्तर नेहमी ओळखीचा शब्द असणार ही खात्री असल्यामुळेच तर्क चालवण्यात अर्थ राहतो.

1 नोव्हेंबर 2021 रोजी हा खेळ 90 माणसे खेळत होती. 2 जानेवारी 2022 ला तीन लाखांहून अधिक. 31 जानेवारीला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतल्याचे जाहीर केले. मधल्या काळात, डिसेंबरमध्ये, एक छोटीशी गोष्ट घडली होती. न्यूझीलंडमधले काही खेळाडू आपला खेळ कसा झाला हे रंगीत चौकोनांनी एकमेकांना कळवू लागले होते. वॉर्डलने ते पाहिले आणि तशी सोय खेळातच करून दिली. अक्षर एकही नाही, नुसते हिरवे-पिवळे-राखाडी चौकोन. सगळी कहाणी सांगायची, पण उत्तर फोडायचे नाही. इशारा कसा असावा याचा हा पहिला धडा. त्याच्याकडे पुढे येतेच.

आता आकड्यांकडे. 2315 शब्दांतून एक शोधायचा. नुसत्या हो-नाही प्रश्नांनी शोधायचे ठरवले, आणि प्रत्येक प्रश्नाने यादी बरोबर निम्मी केली, तरी बारा प्रश्न लागतील. क्लॉड शॅननने 1948 मध्ये माहिती मोजण्याचे जे शास्त्र उभे केले त्यात अशा एका निम्मे करणाऱ्या उत्तराला 'बिट' म्हणतात. आपल्याला लागतात अकरा बिटांहून थोडी अधिक, आणि हाती प्रश्न फक्त सहा. तरी हे जमते, कारण आपला प्रश्न हो-नाही नसतो. पाच घरे, प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे कागदावर 243 तऱ्हेची उत्तरे. चांगला पहिला शब्द एका फटक्यात साधारण पावणेसहा ते सहा बिटे देतो. 'रेझ' म्हणजे आर-ए-आय-एस-ई हा शब्द पहिला टाकला तर सरासरी 61 शब्द उरतात. पाचही घरे राखाडी आली आणि खेळणाऱ्याचा चेहरा पडला, तरी त्या राखाडी ओळीने 2315 चे 168 केलेले असतात. माझ्या अनुभवात नव्या खेळाडूला पटवायला सर्वांत अवघड गोष्ट ही. राखाडी घर म्हणजे अपयश नव्हे. त्यानेही उत्तर दिलेले असते.

पहिला शब्द कोणता, यावर घरोघरी वाद होतात. 'अदिऊ' म्हणजे ए-डी-आय-ई-यू हा अनेकांचा लाडका, कारण त्यात चार स्वर आहेत. 'ऑडिओ'चेही तसेच. स्वर सापडले की शब्द सापडला, असा त्यामागचा हिशेब असतो, पण तो चुकतो. स्वर जवळजवळ प्रत्येक शब्दात असतात, त्यामुळे 'ई' आहे एवढे कळून शब्दांची गर्दी फारशी पांगत नाही. शब्दाचा सांगाडा व्यंजनांचा. आर, टी, एल, एस, एन, सी ही माणसे आत आहेत की बाहेर हे कळले की गर्दी भराभर वेगळी होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 2023 च्या अखेरीस खेळाडूंचे शब्द तपासले तेव्हा 'अदिऊ' सर्वांत लोकप्रिय निघाला आणि लोकप्रिय शब्दांत सर्वांत कमी कामाचाही. संगणकाने मूळ यादीचा शेवटपर्यंत हिशेब करून काढलेला सर्वोत्तम पहिला शब्द 'सॅलेट', एस-ए-एल-ई-टी, म्हणजे मध्ययुगातले एक शिरस्त्राण. त्याने सुरुवात करून पुढे एकही चूक केली नाही तर सरासरी 3.42 ओळींत उत्तर येते. पण असा शब्द कुणाच्या रोजच्या बोलण्यात नसतो, आणि त्यातली तीच पाच अक्षरे 'स्लेट'मध्ये आहेत. स्लेट, क्रेन, ट्रेस, रेझ यांतला कोणताही घ्यावा आणि त्यालाच धरून राहावे असे मी सांगते. त्यांच्यातला फरक इतका बारीक आहे की माणसाच्या खेळात तो दिसत नाही. रोज नवा शब्द घेण्यात एक मोठे नुकसान मात्र आहे. एकच शब्द रोज टाकला की त्याचे रंग वाचायची नजर तयार होते, आणि ती नजर दुसऱ्या कशाने येत नाही.

त्या नजरेला थोडे आकडे हाताशी असले की बरे. मूळ यादीतल्या 2315 शब्दांपैकी 1056 शब्दांत 'ई' आहे, 909 मध्ये 'ए', 837 मध्ये 'आर'. एसने सुरू होणारे 366, पण एसने संपणारे अवघे 36, कारण साधी अनेकवचने उत्तरांत ठेवलेलीच नाहीत. वर्तमानपत्राने पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये ट्रेसी बेनेट यांना या खेळाच्या संपादक नेमले, शब्द हाताने निवडले जाऊ लागले, तरी हे धोरण राहिले. तेव्हा शेवटच्या घरात एस ठेवून अंदाज करणे म्हणजे एक घर फुकट घालवणे. शेवटी 'ई' येण्याची शक्यता सर्वांत मोठी, 424 शब्दांत, आणि त्यामागोमाग 'वाय', 364 शब्दांत. इंग्रजी शाळेत न शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा 'वाय' सुचतच नाही, कारण आपण तो व्यंजनांत टाकून मोकळे झालेलो असतो.

एक खेळ जवळून पाहू. पहिला शब्द क्रेन टाकला. सी पिवळा, ए पिवळा, बाकी आर, एन, ई राखाडी. म्हणजे सी आहे पण पहिल्या घरात नाही, ए आहे पण मधल्या घरात नाही. आता दुसरा शब्द असा हवा की या दोघांना नव्या जागी बसवून पाहील आणि बरोबर तीन नवी अक्षरे आणील. 'यॉट' सुचतो, वाय-ए-सी-एच-टी. टाकला. वाय राखाडी, ए हिरवा, आणि सी, एच, टी तिन्ही पिवळे. आता थांबायचे आणि कागदावर लिहायचे. ए दुसऱ्या घरात पक्का. सी पहिल्यात नाही, तिसऱ्यात नाही, मग चौथ्यात किंवा पाचव्यात. एच चौथ्यात नाही, टी पाचव्यात नाही. इंग्रजीत टी-सी-एच हे त्रिकूट शब्दाच्या शेवटी सारखे येते. ते बसवले की दुसऱ्या घरापासूनची चार घरे भरतात आणि रिकामे राहते फक्त पहिले. बॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. कॅचही सुचेल, पण क्रेनमधला पहिला सी पिवळा होता, हिरवा नव्हता, म्हणून तो बाद.

दोन ओळींत चार अक्षरे जागेवर. खेळणाऱ्याला वाटते, आता काय, जिंकलोच. खरे म्हणजे हीच या खेळातली सर्वांत धोक्याची जागा. सहा शब्द आहेत आणि ओळी चार. एकेक टाकत गेलो तर प्रत्येक चुकीचा शब्द फक्त स्वतःला बाद करतो, बाकीच्यांबद्दल काही सांगत नाही. सहांतल्या दोन वेळा हार ठरलेली. जाणकार खेळाडू इथे तिसऱ्या ओळीत 'प्लंब' टाकतो, पी-एल-यू-एम-बी. हा शब्द उत्तर असूच शकत नाही, हे त्याला पक्के माहीत असते. त्यात ए नाही, टी नाही, काहीच नाही. पण त्यात पॅचचा पी, लॅचचा एल, मॅचचा एम आणि बॅचचा बी एकाच वेळी तपासले जातात. पी हिरवा झाला तर पॅच. एल पिवळा झाला तर लॅच, एम झाला तर मॅच, बी झाला तर बॅच. सगळे राखाडी राहिले तर हॅच किंवा वॉच. म्हणजे चौथ्या, फार तर पाचव्या ओळीत उत्तर हातात, नशिबावर काहीही न सोडता. जो शब्द उत्तर नाही हे आपल्याला माहीत आहे तो मुद्दाम टाकण्याचे धैर्य ज्याला आले त्याला वर्डल आले, असे मी बेलाशक म्हणते.

याच खेळात एक लहान गोष्ट नव्या माणसाला नेहमी अडवते. समजा उत्तर वॉच आहे आणि कुणी हॅच टाकला. हॅचमध्ये एच दोनदा. शेवटचा एच हिरवा होतो आणि पहिला राखाडी. "एच आहे पण आणि नाही पण?" असा गोंधळ होतो. नियम असा की उत्तरात ते अक्षर जितक्यांदा असेल तितकीच घरे रंगतात. जागेवरचा आधी, मग उरला तर डावीकडून पुढचा. उत्तरात एच एकच, तो शेवटच्या घराने घेतला, पहिल्यासाठी काही उरले नाही. त्या राखाडी घराचा अर्थ 'एच नाही' असा नसून 'दुसरा एच नाही' असा असतो. मूळ यादीत साधारण तीनांतल्या एका शब्दात एखादे अक्षर दोनदा आलेले आहे, त्यामुळे हा नियम अपवादाचा नव्हे, रोजचा आहे.

खेळात 'हार्ड मोड' नावाची एक कठीण तऱ्हाही आहे. त्यात एकदा कळलेली अक्षरे पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात, म्हणजे प्लंबची वाट बंद. ती तऱ्हा खेळणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण ती अधिक शुद्ध आहे हा दावा मला मान्य नाही. त्यात कौशल्य दुसऱ्या ओळीपर्यंतच असते. अशा सापळ्यात सापडल्यावर उरते ते नशीब. हार्ड मोड खेळायचाच असेल तर सापळा दिसण्याआधी टाळायला शिकावे लागते, एवढे म्हणून त्याला सोडून देते.

आता इशाऱ्यांकडे, ज्यांच्यासाठी ही पुस्तिका मुळात लिहायला घेतली. नवा शब्द ज्याच्या त्याच्या घड्याळात मध्यरात्री उघडतो. त्यामुळे पुण्यात शब्द उघडतो तेव्हा न्यू जर्सीत तो यायला अजून साडेनऊ ते साडेदहा तास असतात. आमच्यासारखी अर्धी माणसे इकडे आणि अर्धी तिकडे असलेली कुटुंबे आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगीत चौकोन रोज पडत असतात. तिथे इशारा मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये नेहमीच इतक्या तासांचे अंतर असते, आणि देणाऱ्याला उत्तर ठाऊक असते. उत्तर माहीत असलेल्या माणसाला चांगला इशारा देणे फार जड जाते. त्याला वाटते आपण थोडेसेच सांगितले. ऐकणाऱ्याचा मात्र खेळ संपलेला असतो.

माझ्या भाचीचा असाच एकदा फोन आला.

"मावशी, तीन झाले. अडकलेय. काहीतरी सांग ना."

"आधी काय काय टाकलंस ते सांग."

"ऑडिओ टाकला, आय पिवळा. मग फाइट, आणि एफ सोडून सगळं हिरवं! मग नाइट. तोही गेला."

"बरं. आता पहिल्या घरात काय काय बसू शकतं?"

"लाइट, माइट, राइट, साइट, टाइट… आणि एट. ई-आय-जी-एच-टी."

"म्हणजे सहा शब्द आणि तीन ओळी. यातला एकही आत्ता टाकू नकोस. एल, एम, आर, एस, टी, ई यांतली जास्तीत जास्त अक्षरं ज्यात येतील असा एखादा भलताच शब्द शोध."

थोडा वेळ पलीकडून नुसते पुटपुटणे ऐकू आले. मग ती म्हणाली, "रेल्म! आर-ई-ए-एल-एम!"

आर हिरवा तर राइट, ई पिवळा तर एट, एल पिवळा तर लाइट, एम पिवळा तर माइट, आणि काहीच नाही तर साइट किंवा टाइट. शिल्लक दोन ओळी, त्यामुळे त्या सहांतला कोणताही असला तरी सापडणारच. या सगळ्यात आजच्या शब्दाबद्दल मी तिला एक अक्षरही सांगितले नव्हते. तिच्याकडची माहिती तिच्याच पुढे नीट मांडली, एवढेच. इशाऱ्याची माझी पहिली पायरी ही. अडकलेल्या दहा माणसांतल्या बहुतेकांना नव्या माहितीची गरज नसते. हातातल्या माहितीतून काय निघते ते पाहायला कुणीतरी थांबवावे लागते.

त्यानेही भागले नाही तर शब्दाच्या घडणीबद्दल सांगावे, अर्थाबद्दल नाही. एखादे अक्षर दोनदा आहे का, स्वर किती आहेत, शेवट स्वराने होतो का. यातला प्रत्येक इशारा यादी आखडतो, पण विचार करायला जागा ठेवतो. मात्र तोच इशारा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या वजनाचा असतो, हे विसरून चालत नाही. अगदी सुरुवातीला "एक अक्षर दोनदा आहे" असे सांगितले तर सात-आठशे शब्द उरतात, म्हणजे फारसे काही दिले नाही. पण समोरचा बॅच-हॅच-लॅचच्या सापळ्यात असताना हेच वाक्य म्हटले तर उत्तर सरळ हॅच! म्हणून समोरच्याचा खेळ कुठवर आला आहे हे विचारल्याशिवाय इशारा देऊ नये.

पहिले अक्षर सांगणे मला उधळपट्टी वाटते. यमकाचा इशारा तर त्याहून वाईट. वरच्याच सहा शब्दांत बॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच या पाचांचे यमक एक, तेव्हा यमक सांगून त्यांच्यात काहीच निवड होत नाही. आणि उत्तर वॉच असेल तर त्याचा उच्चार एकट्याचाच वेगळा, म्हणजे यमकाचा इशारा दिला की उत्तरच दिले. अर्थाचा इशारा अगदी शेवटी ठेवावा आणि तोही शब्दाच्या मुख्य अर्थाला हात न लावता. "मनगटावर असते" म्हणणे हा इशारा नव्हे. "नाम म्हणूनही चालतो, क्रियापद म्हणूनही" हा इशारा आहे.

पुस्तिकेतल्या प्रत्येक कोड्याला याच क्रमाने चार पायऱ्यांचे इशारे दिले आहेत आणि ते चार वेगवेगळ्या पानांवर छापले आहेत, म्हणजे एक वाचताना नजर चुकून पुढच्यावर जाणार नाही. उत्तरे कोड्यांच्या क्रमाने दिलेली नाहीत, हेही मुद्दाम.

मराठी वाचकाला दोन गोष्टी खास सांगायला हव्यात. एक, उत्तरे अमेरिकी स्पेलिंगची असतात. जानेवारी 2022 मध्ये 'फेवर' हे उत्तर आले, यू नसलेले, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठी नाराजी उमटली होती. पुढच्याच महिन्यात 'ह्यूमर'ही तसाच आला. आपण शाळेत कलर, फेवर, ह्यूमर हे शब्द यू घालून घोकले, त्यामुळे ते पाच अक्षरी आहेत हे आपल्या ध्यानातच येत नाही. मीटर, फायबर यांच्या शेवटी आर-ई ऐवजी ई-आर असतो तेही तसेच. दुसरी गोष्ट आपल्या बाजूची. आपण इंग्रजी स्पेलिंग कानाने नव्हे, घोकून शिकलो. मुके के आणि मुके जी, यॉटमधला तो अनाकलनीय सी-एच, हे आपल्याला ठरावीक चालीत पाठ आहेत. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांना स्पेलिंग आठवताना उच्चार आडवा येतो. आपल्याला तो तितका येत नाही. ही घोकंपट्टी इथे मनापासून वापरावी.

शेवटचे प्रकरण मराठी शब्दांच्या खेळाचे आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद झाला. इंग्रजीत 26 अक्षरे. मराठी शब्दकोड्यात आपण एका घरात पूर्ण अक्षर लिहितो, मात्रेसकट, जोडाक्षर असेल तर त्याच्यासकट. 'पुस्तक' तीन घरांत बसतो, पु, स्त, क. आता व्यंजने तीसहून अधिक, प्रत्येकाची बाराखडी, वर जोडाक्षरे. घरात येऊ शकणारी चिन्हे शेकड्यांनी होतात. अशा खेळात 'स्त' राखाडी झाला तर कळले काय? जवळजवळ काहीच नाही. इंग्रजीत राखाडी घर यादी झपाट्याने कमी करते, मराठीत ते काम होत नाही. म्हणून वर्डलचे नियम जसेच्या तसे उचलले तर मराठी खेळ नुसता अंदाजपंचे होतो. इंग्रजीत जो इशारा बाहेरून द्यायचा तो इथे नियमांतच हवा.

यासाठी या प्रकरणात एक चौथा रंग घेतला आहे, निळा. व्यंजन बरोबर, जागा बरोबर, पण मात्रा वेगळी, असे असेल तर घर निळे. तसेच उत्तरांच्या यादीत फक्त मूळ रूपे ठेवली आहेत. 'पुस्तक' चालेल, 'पुस्तकात', 'पुस्तकाला' नाही, नाहीतर सामान्यरूपे आणि विभक्ती यांनी यादी कुठच्या कुठे जाईल. तीन अक्षरी शब्दांपासून सुरुवात केली आहे आणि संधी आठ दिल्या आहेत. दोनदा आलेल्या अक्षराचा नियम इंग्रजीतलाच, फक्त तो व्यंजनाच्या कुळाला लावायचा. समजा उत्तर 'कागद' आहे आणि अंदाज 'कीटक' दिला. पहिले घर निळे होईल, कारण क जागेवर आहे आणि मात्रा चुकली. ट राखाडी. आणि शेवटचा क पिवळा नव्हे, तोही राखाडी, कारण 'कागद'मध्ये क-कुळातले घर एकच आणि ते पहिल्या घराने आधीच घेतलेले असते.